गाडी उभी, ड्युटी चालू : थांब्यांचे तास वहीत कसे लिहावेत

न्हावा शेवा बंदराच्या रस्त्यावर रात्री दीड वाजता केबिनच्या दारावर काठी वाजते. "ड्रायव्हर, पुढे घे." तुम्ही उठता, अंधारात चपला चाचपता, चार गाड्यांची जागा पुढे सरकता, हँडब्रेक ओढता आणि परत आडवे होता. पंचवीस मिनिटांनी पुन्हा काठी. असं करत उजाडतं. संध्याकाळी ऑफिसात ट्रिप शीट भरायला बसलात की समोरचा म्हणतो, "रात्रभर गाडी उभीच होती ना? मग लिही की, आराम सात तास."

नवा मुलगा लिहून देतो. पहिल्या वर्षी मीही लिहून दिलं होतं. त्या सात तासांचे पैसे तर गेलेच. पण कागदावर मी ताजातवाना झालो होतो, आणि त्याच कागदाच्या जोरावर मला लगेच नाशिकची ट्रिप लागली. कसाऱ्याच्या घाटात दोनदा डोळा लागला. दुसऱ्यांदा जाग आली तेव्हा डावं चाक रस्त्याच्या कडेच्या खडीत उतरलं होतं. तो खडीचा आवाज अजून कानात आहे.

पुढे अकरा वर्षं ट्रेलर चालवला. आता कळंबोलीत नव्या ड्रायव्हरांना वही भरायला शिकवतो, त्यांची शीटं तपासतो. मुंबईच्या आसपास माल वाहणाऱ्याचा दिवस स्टिअरिंगवर कमी आणि रांगेत जास्त जातो. गाडी चालवल्याचे तास सगळेच बरोबर लिहितात, चूक होते ती थांब्यांत. म्हणून हा लेख थांब्यांवरच आहे.

आधी कायदा काय मोजतो ते

आपल्या कामाच्या तासांचा मूळ कायदा १९६१ चा, मोटार वाहतूक कामगार कायदा. त्यातले आकडे असे होते. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. लांब पल्ल्याला परवानगी घेऊन दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ पर्यंत. सलग ५ तासांहून जास्त काम नाही, मध्ये किमान अर्धा तास सुटी हवी. हजर झाल्यापासून मोकळं होईपर्यंतचा एकूण काळ, मधली सुटी धरून, १२ तासांत बसला पाहिजे. आजची ड्युटी संपल्यापासून उद्याची सुरू होईपर्यंत सलग ९ तास मिळाले पाहिजेत. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ९१ ड्रायव्हरच्या तासांसाठी याच कायद्याकडे बोट दाखवतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि १९६१ चा कायदा त्यांतल्या एका संहितेत सामावला गेला. आठ तासांचा दिवस तिथेही आहे, जादा तासांना दुप्पट दर आहे. मधली सुटी आणि दिवसाचा एकूण कालावधी सरकारच्या अधिसूचनेने ठरतो. म्हणून कामावर रुजू होताना दोन गोष्टी मागा: नेमणूक पत्र, आणि कामाच्या तासांची नोटीस. नोटीस भिंतीवर असेल तर मोबाईलवर तिचा फोटो काढून ठेवा.

आता थांब्याचं. 'कामाचे तास' म्हणजे काय, हे १९६१ च्या कायद्यात फार विचार करून लिहिलंय. ज्या वेळात तुम्ही मालकाच्या किंवा तुमचं काम मागण्याचा हक्क असलेल्या दुसऱ्या कुणाच्या हाताशी आहात, तो वेळ म्हणजे कामाचे तास. त्यात गाडी चालवणं आलं. जोडकाम आलं: माल भरणं, खाली करणं, गाडीची देखभाल आणि दुरुस्ती, रजिस्टरवर सही, कागद जमा करणं, गाडी ताब्यात घेणं आणि नेऊन लावणं. आणि टर्मिनलवर नुसतं हजर राहणंही आलं, पण १५ मिनिटांच्या आतलं.

हे १५ मिनिटांचं नीट समजून घ्या. दहा मिनिटं गेटवर थांबलात तर तो वेळ आपोआप तासांत धरला जातो, त्यावर कुणी वाद घालत नाही. अडीच तास थांबलात की प्रश्न येतो, त्या अडीच तासांत तुम्ही काय करत होतात? माल खाली करून घेत होतात? रांगेत गाडी सरकवत होतात? की गाडीला कुलूप लावून जेवायला गेला होतात? ज्या वेळात माणूस आपल्या मर्जीने वेळ घालवायला मोकळा असतो, तेवढाच मोठा खंड कायदा चालू वेळेतून वगळतो. म्हणजे थांबा जितका लांब, तितकी नोंदीची गरज जास्त. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. दहा मिनिटांचा डिझेल थांबा मुलं मिनिटावर लिहितात आणि सहा तासांच्या रांगेवर एक आडवी रेघ मारतात.

वही

ऑफिसची ट्रिप शीट असेल, मोबाईल ॲप असेल, तरी स्वतःची एक वही ठेवा. लांबट, पुठ्ठ्याची, खिशात मावणारी नको, डॅशबोर्डवर दिसेल अशी. निळं किंवा काळं बॉलपेन. जेलपेन पावसाळ्यात उपयोगाचं नाही. जुलैत खिडकीतून आलेल्या दोन थेंबांनी माझं अख्खं पान एकदा निळं झालं होतं. पेन्सिल तर नकोच, खोडलेली नोंद कुणी मानत नाही.

वेळ २४ तासांच्या घड्याळाने लिहा. ६:१० आणि १८:१०. 'सकाळी', 'रात्री' लिहायचं राहून जातं आणि महिन्याने तुम्हालाच कळत नाही. मोबाईलचं घड्याळ धरा, केबिनचं नको. आकडा चुकला तर एक रेघ मारा, वर बरोबर आकडा लिहा, बाजूला सही करा. गिरवून सात चा नऊ करू नका.

प्रत्येक नवीन दिवसाला नवीन पान. वर तारीख, गाडी नंबर, निघतानाचं किलोमीटर, बिल्टीचा (मालासोबतच्या पावतीचा) नंबर. खाली चार खाने: चालवणं, काम, हजेरी, सुटी.

चार खाने आणि एक प्रश्न

चालवणं म्हणजे स्टिअरिंग हातात असलेला वेळ. घोडबंदरला गायमुखच्या चढावर गाडी तासाभरात दोन किलोमीटर सरकली तरी तो तास चालवण्याचाच. क्लच दाबून दाबून गुडघा भरून येतो, त्याला 'थांबा' म्हणू नये.

काम म्हणजे गाडीशी, मालाशी, कागदाशी लागलेलं बाकी सगळं. सकाळी हवा बघणं, ताडपत्री बांधणं, दोरी आवळणं, काट्यावर वजन, सील तपासणं, गोडाऊनच्या ऑफिसात शिक्क्यासाठी उभं राहणं. माल माथाडी उतरवत असतील आणि तुम्ही नग मोजत असाल, तर तेही काम. 'मी काही उचललं नाही' म्हणून ते सुटी होत नाही.

हजेरी म्हणजे हातात काही काम नाही, पण जागा सोडता येत नाही. नंबर लागला की जायचंय, हाक आली की उठायचंय.

सुटी म्हणजे खरी सुटी.

हजेरी आणि सुटी यांत गोंधळ होतो. तिथे स्वतःला एवढंच विचारा: आत्ता कुणी हाक मारली तर मला उठावं लागेल का? उठावं लागेल, तर ती हजेरी, मग तुम्ही आडवे असा, चहा पीत असा की मोबाईल बघत असा. उठावं लागणार नाही, गाडी बंद करून मी हॉटेलात जाऊ शकतो, आणि किती वेळ ते मला आधीच माहीत आहे, तर ती सुटी.

'किती वेळ ते आधीच माहीत आहे' यावर मी मुलांशी सगळ्यात जास्त बोलतो. 'बघू, होईल तासाभरात' असं ऐकून कुणाला झोप लागत नाही. कान दाराकडे असतो. पण गेटवरच्या माणसाने स्पष्ट सांगितलं, "साडेदहाशिवाय काही नाही, झोप जा", तर शरीर सैल पडतं. दोन्ही वेळा गाडी तेवढीच उभी, पण अंगाला मिळालेलं वेगळं असतं. म्हणून थांबलात की पहिलं काम, वेळ विचारा. उत्तर मिळालं तर वहीत लिहा: 'गेट सुपरवायझर म्हणाले १०:३० पर्यंत नाही, ८:१५ पासून सुटी.' उत्तर मिळालं नाही तर लिहा: 'वेळ सांगत नाहीत, हजेरी.'

मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ मध्ये आणखी एक बारीक गोष्ट आहे. काम नसताना ड्रायव्हरला गाडीपाशी थांबावं लागत असेल, तर कोणत्या परिस्थितीत तो वेळ विश्रांती धरायचा, हे ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. सरकारला. गोडाऊनच्या मुकादमाला नाही आणि ट्रिप शीट भरून घेणाऱ्या कारकुनालाही नाही.

मोबाईलवर अमेरिकेतल्या ट्रकवाल्यांचे व्हिडिओ बघून काही मुलं तिथले तास इथे सांगतात. तिथे माल वाहणाऱ्या ड्रायव्हरला सलग १० तास सुटी झाल्यावर, ड्युटीवर आल्यापासून १४ तासांच्या आत जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते आणि नोंद इंजिनाला जोडलेलं यंत्र करतं. ते आकडे आपल्याला लागू नाहीत. पण त्यांच्या नोंदीत 'ड्युटीवर, पण गाडी चालवत नाही' असा वेगळा खाना असतो, तो मात्र आपण जरूर घ्यावा.

एक पान

हे पान आमच्याकडच्या एका मुलाच्या वहीवरून घेतलंय. तळोज्याच्या यार्डातून निर्यातीचा कंटेनर न्हावा शेव्याला टाकून परत. जाऊन-येऊन अंतर शंभर किलोमीटरच्या आतलं.

६:१० यार्डात हजर. टायर, हवा, ट्विस्टलॉक (कंटेनर ट्रेलरला धरून ठेवणारी कुलपं), सील बघितलं. काम.
६:३५ निघालो. कळंबोली सर्कलला कोंडी. चालवणं.
८:०५ बंदराबाहेरचा पार्किंग प्लाझा. फॉर्म १३ (कंटेनर बंदरात घ्यायचा कागद) आला नाही. ऑफिसला मेसेज केला. वेळ सांगत नाहीत. हजेरी.
११:४० फॉर्म आला, निघालो. चालवणं.
१२:१० टर्मिनल गेटची रांग. सात वेळा पुढे घेतली. हजेरी.
१४:२५ गेट इन. काम.
१५:२० कंटेनर उतरला, पावती घेऊन बाहेर. चालवणं.
१५:४५ हॉटेल, जेवण. गाडी लॉक. सुटी.
१६:३० निघालो. चालवणं.
१७:४० यार्ड. गाडी लावली, कागद जमा. काम.
१८:०० मोकळा.

आता बेरीज करा. चालवणं ३ तास ३५ मिनिटं. काम १ तास ४०. हजेरी ५ तास ५०. सुटी ४५ मिनिटं. ऑफिसातल्या जीपीएसवर हा मुलगा साडेतीन तास चाललेला दिसतो, आणि 'एवढी छोटी ट्रिप, रात्री अजून एक मार' असं म्हणायला तोंड उघडतं. वही सांगते की त्याची ड्युटी ११ तास ५ मिनिटांची झाली, म्हणजे ८ च्या वर ३ तास ५ मिनिटं. हजर झाल्यापासून ११ तास ५० मिनिटं गेली, १२ ला दहाच कमी. १९६१ च्या कायद्यातले ९ तास धरले तर पुढची ड्युटी पहाटे ३ च्या आधी लागू शकत नाही.

याच पानात एक दोषही दिसतो. सकाळी ६:१० ला सुरू झालेल्या माणसाला १५:४५ पर्यंत अर्ध्या तासाची सुटी नाही. पार्किंग प्लाझात साडेतीन तास गाडी उभी होती, पण कागद कधीही येईल म्हणून तो केबिन सोडू शकला नाही. त्याने तिथे खोटी 'सुटी' लिहिली असती तर पान छान दिसलं असतं आणि ऑफिसला कळलंच नसतं की कागद आधी तयार करून मग गाडी सोडायला हवी. दुसऱ्या आठवड्यापासून आम्ही फॉर्म हातात आल्याशिवाय गाडी यार्डाबाहेर काढणं बंद केलं. हा बदल त्या एका ओळीमुळे झाला.

कधी लिहायचं

बदल झाला की लगेच. दिवसाच्या शेवटी आठवून लिहिलेली वेळ नेहमी गोल येते: ८:००, १२:००, ३:००. तपासणाऱ्याला लगेच कळतं. गाडी थांबवलीत, हँडब्रेक ओढलात, आता वही. दहा सेकंदांचं काम आहे. गाडी चालू असताना मात्र एक अक्षरही नाही. घाटात सरकत्या रांगेत असाल तर पोहोचल्यावर लिहा आणि बाजूला 'नंतर लिहिलं' असं नोंदवा, त्यात काही कमीपणा नाही.

कारण लिहा, आणि नेमकं लिहा

'ट्रॅफिक' हा शब्द वहीत मी चालवून घेत नाही. कुठे, कशामुळे, कधीपासून कधीपर्यंत, हे हवं. कारणावरून पुढचं सगळं बदलतं.

गाडी बिघडली, सेवा विस्कळीत झाली, वाहतूक अडली, नैसर्गिक आपत्ती आली, तर ८ आणि ४८ च्या मर्यादेला १९६१ च्या कायद्यात अपवाद होता. बोरघाटात टँकर उलटून रस्ता बंद, मुंब्रा बायपासवर दरड, हे त्यात बसायचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा गाड्या जिथल्या तिथे अडकल्या. त्या दिवशी आठ तासांचा हिशोब कोण मागणार? पण भिवंडीला मानकोलीच्या गोडाऊनमध्ये जागा नाही म्हणून सहा तास थांबवलं, ही आपत्ती नव्हे. तो त्यांच्या कामाचा ढिसाळपणा आहे, आणि तुमच्या वहीत तो तसाच, गोडाऊनच्या नावासह, आला पाहिजे. दोन्हीला 'ट्रॅफिक' लिहिलंत तर गोडाऊनचा उशीर घाटाच्या नावावर खपतो. होल्टिंगचे, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे, पैसे बुडतात, मालकाचे आणि त्यामागोमाग तुमच्या भत्त्याचे.

बिघाडात तीन वेळा लिहा: बंद पडली कधी, मेकॅनिक आला कधी, चालू झाली कधी. मेकॅनिकच्या हाताखाली तुम्ही जॅक लावत असाल तर ते काम, कायद्यात दुरुस्ती जोडकामातच आहे. मेकॅनिक पार्ट आणायला गेला आणि तुम्ही माल राखत रस्त्याच्या कडेला बसलात, ती हजेरी.

रस्ता लांबला की ई-वे बिलाकडे, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या परवान्याकडेही बघा. साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. मुदत संपण्याच्या ८ तास आधीपासून संपल्यानंतर ८ तासांपर्यंत ती वाढवून घेता येते, त्यानंतर नाही. वाढवायचं काम ऑफिसचं, कळवायचं काम तुमचं. तिथे दिलेलं कारण आणि वहीतलं कारण एकच असू द्या.

साक्षीचे कागद

वही तुमची, त्यामुळे समोरचा म्हणू शकतो, 'तू काहीही लिहिशील.' म्हणून प्रत्येक मोठ्या थांब्याला बाहेरचा एक तरी कागद जोडा. गेटचं टोकन, वजनकाट्याची पावती, टर्मिनलची आत-बाहेरची पावती. फास्टॅगचा मेसेज तर फुकटात मिळणारा साक्षीदार आहे. टोल कापल्याची वेळ त्यात असते, तो पुसू नका.

गोडाऊनला पोहोचलात की बिल्टीच्या प्रतीवर 'गाडी आली' ची वेळ आणि शिक्का आधी घ्या, मग बाकीचं. खाली झाल्यावर 'गाडी सुटली' ची वेळ. कुठे कुठे शिक्का देताना फक्त खाली झाल्याची वेळ टाकतात. नम्रपणे सांगा, "साहेब, आल्याची पण टाका, ऑफिस मागतं." नाहीच टाकली तर गेटच्या पाटीसकट गाडीचा फोटो काढा आणि त्याच क्षणी ऑफिसच्या व्हॉट्सॲपवर टाका: 'गाडी गेटवर, ८:०५, आत घेत नाहीत.' भांडायचं नाही. मेसेज गेला की वेळ आपोआप नोंदली गेली. मात्र बंदरात आणि काही कारखान्यांत फोटोला बंदी असते, तिथे नुसता मजकूर पाठवा.

जीपीएसवर फार विसंबू नका. गाडी उभी होती एवढंच ते सांगतं. तुम्ही पत्र्यावर चढून ताडपत्री ओढत होतात की झोपला होतात, ते त्याला दिसत नाही.

काही ठरावीक थांबे

मुंबईत शिरताना जड गाड्यांना गर्दीच्या वेळी बंदी असते. हा थांबा मला सोयीचा वाटतो, कारण तो किती वेळाचा हे आधीच ठाऊक असतं. नाक्यावर अर्धवट अडकून हॉर्न वाजवत बसण्यापेक्षा आधीच नीट जागेवर गाडी लावा, कुलूप घाला, जेवा, झोपा आणि वहीत बिनधास्त 'सुटी' लिहा. वेळा वाहतूक पोलिसांच्या अधिसूचनेने बदलतात, निघण्याआधी ऑफिसला विचारून घ्या. हायवेच्या खांद्यावर पार्किंग लाईट लावून झोपणं मात्र सुटी नव्हे. ते धोक्याचं आहे, झोपही लागत नाही.

तुर्भ्याच्या मार्केटला पहाटे माल लागतो. रात्री अकराला पोहोचून तीनपर्यंत फलाटाची वाट बघणं ही हजेरी, कारण फलाट कधी मोकळा होईल ते कुणाला माहीत नसतं. क्लीनर सोबत असेल तर दोघांत वाटून घ्या: अकरा ते एक तो जागा, एक ते तीन तुम्ही. मग ज्याची झोप त्याची सुटी, आणि वहीत दोघांची नावं. पण गाडी पुढे घ्यायची वेळ आली आणि परवाना तुमच्याकडेच असेल, तर तुमची सुटी तिथे तुटली. तुटलेली वेळ लिहा. दोन तासांत तीनदा उठवलेल्या माणसाची दोन तास झोप झाली, असं मी कधीच मानणार नाही.

गणपतीच्या दिवसांत मुंबई–गोवा महामार्गावर जड गाड्यांना बंदी येते. पळस्पे, पेण भागात मग एक-दोन दिवसही गाडी उभी राहते. अशा वेळी रोज नवं पान उघडा. 'गाडी उभी, तीन दिवस' अशी एक ओळ पुरत नाही. रोज सकाळी हजर, गाडी आणि माल बघितला, ऑफिसशी बोलणं झालं, काय सांगितलं, रात्री सुटी कधीपासून. ऑफिसने सांगितलं, "बंदी उठेपर्यंत मोकळा, गाडी पंपावर लाव", तर ती सुटी. "मालाजवळ थांब" म्हटलं तर ती हजेरी. अडकलेले दिवस साप्ताहिक सुटीत परस्पर वळते करून घेऊ नका. मालाची राखण करत पेणला काढलेला रविवार म्हणजे घरचा रविवार नव्हे. सलग दहा दिवसांहून जास्त काम पूर्ण दिवसाच्या सुटीशिवाय होऊ नये, म्हणून वहीच्या वरच्या कोपऱ्यात रोज एक आकडा टाका: मागच्या सुटीपासूनचा कितवा दिवस.

खरं लिहा, दोन्ही बाजूंनी

जादा तास दिसावेत म्हणून झोपेला हजेरी लिहिणारेही असतात. ते करू नका. एक फुगवलेली नोंद सापडली की बाकीच्या खऱ्या नोंदींवरचा विश्वास जातो. आणि तुमची खरी झोप किती झाली हे आधी तुम्हालाच कळायला हवं; रात्री अकराला घाट चढायचा की नाही हे त्यावर ठरतं.

दुसऱ्या बाजूचं मी सुरुवातीला सांगितलं. माझ्याबरोबरच्या एकाचं नशीब माझ्याइतकं चांगलं नव्हतं. रांगेतली रात्र 'आराम' म्हणून लिहून दिली, पुढच्या ट्रिपला डोळा लागला, पाय मोडला. चौकशीत त्याच्याच सहीचा कागद समोर आला: सात तास आराम करूनही झोपलास कसा? उत्तर त्याच्याकडे होतं, पण कागदावर नव्हतं.

तुम्हाला झोप येत असेल तर तसं ऑफिसला मेसेज करून गाडी बाजूला घ्या आणि वहीत लिहा: 'झोप येत होती, २:१० ते ३:४० पंपावर झोपलो.' अशी ओळ ज्या शीटवर असते ती मी वेगळी काढून ठेवतो आणि नव्या मुलांना दाखवतो.

शीट जमा करताना

रोज रात्री चारही खान्यांची बेरीज करा, आठवड्याला एकूण. आकडे ऑफिसच्या शीटवर उतरवा, आणि देण्याआधी दोन्हींचा फोटो. कोऱ्या शीटवर सही मागितली तर देऊ नका. घाईचं कारण सांगतील. "भरून देतो, पाच मिनिटं" म्हणा आणि तिथेच बसून भरा. ऑफिसने एखादी वेळ बदलली तर बदलणाऱ्याची सही तिथेच घ्या, आणि स्वतःच्या वहीतली मूळ नोंद तशीच राहू द्या.

जादा तासांचा हिशोब लागत नसेल तर आधी लेखी मागा, व्हॉट्सॲपवर का होईना, तारखा आणि तास घालून. तिथे नाही झालं तर मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. जाताना नेमणूक पत्र, वह्या, शिक्क्याच्या बिल्ट्या आणि बँकेत पगार जमा झाल्याचा उतारा न्या. वेतन संहितेत दावा करायला ३ वर्षांची मुदत आहे, म्हणून जुनी वही ३ वर्षं टाकायची नाही. टोकन आणि काट्याच्या पावत्यांची शाई केबिनच्या उन्हात दोन महिन्यांत उडते. त्यांचा फोटो त्याच दिवशी काढा आणि मूळ कागद वहीच्या मागे पाकिटात घालून घरी ठेवा, गाडीत नको.